टायरला लावलेलं शनिवारचं तेल

मुलाचा फोन आला तेव्हा मी गाडीतच बसले होते. दर शनिवारी गाडी सुरू करायची, दहा मिनिटं चालू ठेवायची, मग बंद करायची. तसं केलं नाही तर बॅटरी उतरते असं ह्यांनी सांगून ठेवलं होतं. हे गेले त्याला तीन वर्षं झाली, पण एकही शनिवार मी चुकवला नाही. गाडी बंद केली तरी मी लगेच उतरत नाही. काच वर असली की आत बाहेरचा आवाज येत नाही, आणि घरात एकटं बसण्यापेक्षा गाडीत एकटं बसणं बरं वाटतं. का ते मला सांगता येणार नाही.

"काय करतेस?" मुलानं विचारलं.

"काय न्हाई. बसलेय."

"बरं ऐक. पुढच्या रविवारी मी एकाला घेऊन येतो. गाडी बघायला. त्याला घ्यायचीय."

मुलगा शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, वाघोलीकडे राहतो. त्याला यायचं म्हणजे सगळं पुणं ओलांडून यावं लागतं. गणपतीत आला होता, त्यानंतर आला नव्हता. दिवाळी त्यानं सासुरवाडीला केली.

"टायर गेलेत तिचे," तो म्हणाला. "गणपतीत मी बघितलं, बाजूनं सगळ्या भेगा पडल्यात. चार टायर म्हणजे अठरा-वीस हजार. एवढे घालायचे आणि गाडी उभीच ठेवायची? त्यापेक्षा आहे तशी देऊन टाकू."

"ऱ्हाऊ दे की."

"राहू दे म्हणजे? तुला कुठं जायचंय, आई?"

तो रागानं बोलला नाही. खरंच विचारत होता. मी बरं म्हणाले. मी सगळ्यालाच बरं म्हणते. फोन ठेवल्यावर पुन्हा स्टिअरिंगवर हात ठेवले आणि ते हात तिथं किती वेळ होते कोण जाणे.

माण गावात आमची शेती होती. ती कंपन्यांत आणि रस्त्यांत गेली. आलेल्या पैशांत ह्यांनी घरावर खोल्या काढल्या, भाडेकरू ठेवले आणि ही गाडी घेतली. गाडी मला शिकवायची हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. मी नको नको म्हणत होते. भावकीतल्या बायका हसतील याची मला धास्ती. हे म्हणाले, "कोन बगणार न्हाई आशा जागी शिकवतो." म्हणून पहाटे उठून आम्ही जवळच्या रिहे गावाच्या खोऱ्यात जायचो. तिकडे तेव्हा रस्त्याला चिटपाखरू नसायचं. दोन्हीकडे भाताची खाचरं. मी चालवायची आणि हे शेजारी बसून तंबाखू मळायचे. चुकले तर ओरडायचे नाहीत, नुसते "हं" म्हणायचे. तो "हं" कधी हसून, कधी घाबरून असायचा. लायसन निघालं त्या दिवशी त्यांनी घोटवड्याच्या फाट्यावर मला भजी खाऊ घातली. माणसांसमोर बसून हॉटेलात खाल्लेली माझी पहिली भजी.

हे असताना मी एकटी कधी गाडी घेऊन गेले नाही. गरज पडली नाही. ते गेल्यावर गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली ती राहिलीच. जायच्या चार महिने आधी त्यांनी चारही टायर नवीन टाकले होते. त्यांच्या हातची शेवटची खरेदी ती. नंतर दवाखान्यातून त्यांना उठताच आलं नाही.

मुलाच्या फोनवर मी दोन दिवस विचार केला. अठरा-वीस हजार लागतात म्हणून गाडी विकायची, म्हणजे त्याच्याहून कमी लागले तर विकायची गरज नाही. एवढंच माझ्या ध्यानात आलं आणि ते मी धरून ठेवलं. खोल्यांचं भाडं मुलाच्या खात्यात जातं, फोनवरून. फक्त वरच्या कोपऱ्यातली अकोल्याकडची मुलगी भाडं माझ्या हातात देते, घरखर्चाला म्हणून तसं ठरलंय. ती कंपनीत आहे. महिन्यातून एकदा दार वाजवते, "घ्या काकू" म्हणते, मी "बरं" म्हणते. त्यातलं मागे टाकलेलं होतं माझ्याकडे, पण वीस हजार नव्हतं.

टायरवर बाजूनं आकडे असतात. मी चौथीपर्यंतच शिकले, पण आकडे उतरवून घ्यायला चौथी पुष्कळ झाली. खाली बसून, बोटानं धूळ पुसून, वहीच्या पानावर जसेच्या तसे उतरवले. मधली तिरकी रेघसुद्धा. चारही टायर बघितले, चारही सारखे निघाले. पान घडी घालून पाकिटात ठेवलं. आता कुणाशी फार बोलायला लागणार नव्हतं. पान पुढे केलं की झालं.

पहिल्या दुकानात तसंच केलं. ते मोठ्या रस्त्यावरचं काचेचं दुकान. आतल्या माणसानं पान बघितलं, हिंदीत काहीतरी विचारलं, मग कॅल्क्युलेटर माझ्याकडे फिरवला. एकोणीस हजार आणि वर काही. तो कुठल्या कुठल्या कंपन्यांची नावं सांगत होता. मी पान परत घेतलं आणि चपला घालून निघाले. चपला बाहेर काढायची तिथं गरज नव्हती, हे चालायला लागल्यावर लक्षात आलं.

दुसरं दुकान घोटवड्याच्या रस्त्याला, पत्र्याचं. बाहेर जुन्या टायरांचा ढीग, आत चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला माझ्याच वयाचा एक माणूस. त्यानं पान लांब धरून वाचलं.

"कुनी लिवून दिलं?"

"मीच."

"झ्याक लिवलंय. लोकं येत्यात न् सांगत्यात, काळा टायर द्या." तो स्वतःच हसला. "चारी पायजेत?"

मी मान हलवली.

"नवं घेतलं तर साडेचार हजाराला एक पडंल. पन तुमास्नी नवं कशाला? गाडी रोजची किती पळती?"

मी जमिनीकडे बघितलं.

"म्हंजी पळतच न्हाई. मंग हितं या."

आत भिंतीला टायर उभे होते. त्यानं एक ओढून काढला आणि त्याच्यावरून हात फिरवला. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, ते ह्याच्यावर तसेच होते.

"कंपनीतलं सायेब लोक. नवी गाडी घेत्यात न् आठ दिसांत हितं येत्यात. त्यास्नी रुंद टायर पायजे, चकचकीत रिमा पायजेत. गाडीसंगं आल्यालं टायर हितंच टाकून जात्यात. शंभर किलोमीटर बी पळालं न्हाईत ह्ये. केसं बगा अजून हायेत आंगावर. अडीच हजाराला एक."

अडीच हजार जास्त की कमी हेच मी ठरवत होते, आणि ते केस बोटाला कसे लागतात ते बघत होते.

"बरं, चोवीसशे."

मी पानाकडे बघितलं. पानावरचे आकडे आणि टायरवरचे आकडे जुळवत होते.

"ताई, तुमी लई कडक गिऱ्हाईक हायसा," तो म्हणाला. "तोंडात मिठाची गुळणी धरलीया न् माझा भाव खाली वडताय. तेवीसशे. बसवून. ह्याच्या खाली गेलो तर बायकू घरात घ्यायची न्हाई मला."

मला हसू आलं ते मी पदराआड दाबलं. जन्मभर सगळे म्हणत आले की ही बोलत नाही, हिचं कसं होणार. न बोलल्याचे मला टायरामागे दोनशे रुपये सुटले. ही गोष्ट कुणाला तरी सांगावी असं वाटत राहिलं घरी येईपर्यंत. घरी आल्यावर चहा ठेवला, एक कप.

गाडी घेऊन या म्हणाला होता. गुरुवारी उजाडताच मी शेडमध्ये गेले. चाकांतली हवा गेलेली. ह्यांचा पायानं मारायचा पंप होता, त्यानं चारी चाकांत हवा भरली. एकेका चाकाला थांबून थांबून. मग गाडीत बसले, हात जोडले आणि पहिला गिअर टाकला. तीन वर्षांनी गाडी जागची हलली तेव्हा खाली चार काळे डाग दिसले, चाकं होती तिथं.

गाडी नीट चालेना. धब, धब, धब असा आवाज, जणू चाकं चौकोनी आहेत. मी पायी चालावं तेवढ्या वेगानं गेले. मागून कंपनीच्या बसगाड्या हॉर्न देत होत्या. शेजारची बाजू रिकामी, आणि तिकडून "हं" येत नव्हतं. दुकानापर्यंत मी तोंडानं श्वास घेत होते.

दुकानदारानं जॅक लावला, एक चाक काढलं, उभं केलं आणि फिरवून बघितलं. मग नख लावून भेग उघडली. मग बोट नाकाशी नेलं.

"ताई, ह्याला त्याल कुनी लावलं?"



शनिवारी मी मारुतीला तेल घेऊन जाते. आमच्याकडे बाया गाभाऱ्यात जात नाहीत, उंबऱ्याशी वाटी ठेवायची. पुजारी तेल वाहतो आणि तळाशी थोडं राखून वाटी परत देतो. देवाचं उरलेलं तेल, ते टाकायचं कुठं? माहेरी वडील बैलगाडीच्या आखाला तेल द्यायचे, नांगराच्या जुवाला, बैलांच्या गळ्यातल्या चामड्याच्या सापत्यांना. तेल लावलं की वस्तू टिकते एवढंच मला ठाऊक. मग मी शनिवारचं तेल फडक्यावर घ्यायची आणि ह्यांनी आणलेल्या टायरांना चोळायची. काळेभोर दिसायचे. तीन वर्षं, दर शनिवारी. कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणून कुणी नको म्हणायलाही नव्हतं.

"मीच," मी म्हणाले.

"आवो, रबराला त्याल म्हंजी ईख!" तो मोठ्यानं म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघून त्याचा आवाज उतरला. "नक्षी बगा की ह्याची, निम्मी बी झिजल्याली न्हाई. गाडी चालत ऱ्हायली आसती तर आजून दोन-तीन वर्सं आरामात गेली आसती. त्याल न् एका जागी उभं ऱ्हानं. दोनी वाईट. निदान आठवड्याला चार हात फुडं-मागं करायची."

सुरू करायची एवढं ह्यांनी सांगितलं होतं. पुढे-मागे करायची हे सांगायचं राहिलं असेल. किंवा सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

मला वाईट वाटलंय हे त्याला दिसलं असणार, कारण तो उगीच दुसरं काहीतरी दाखवायला लागला. टायरच्या बाजूला एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. "ह्ये बगा. पयलं दोन आठवड्याचं, मागलं दोन सालाचं. टायर कवा तयार झाला त्ये कळतं. ह्यो तुमचा जुना, आठवडा एकविसावा." मी मनात महिने मोजले. मे महिना येत होता. लग्नसराईत तयार झालेला टायर, ह्यांनी दिवाळीला आणला.

तो चाकं काढायला लागला. मला बसायला स्टूल दिलं होतं, पण बसून करायचं काय? मी भिंतीशी गेले आणि माझ्यासाठी काढून ठेवलेल्या चार टायरांची चौकट शोधली. पहिल्यावर ह्याच वर्षाचा आकडा. दुसऱ्यावरही तोच. तिसऱ्यावरही. चौथा फिरवून बघितला, मग पुन्हा पहिल्याकडे जाऊन आले. चौथ्याचा आठवडा वेगळा होता, आणि सालही वेगळं. सहा वर्षांपूर्वीचं. केस त्याच्यावरही होते.

बोलले नाही तर तोच टायर माझ्या गाडीला लागणार. बोलले तर भांडण होणार, असं मला वाटलं. माझ्या जागी हे असते तर... पण ह्यांच्या जागी आता मीच होते.

"दादा, ह्यो एक येगळा हाय."

त्यानं पान्हा खाली ठेवला. आला, चष्मा लावला, वाकला. "आयला," म्हणाला. "ह्यो कुटल्या तरी गाडीची स्टेपनी आसनार. डिकीत पडून ऱ्हायल्याली, रस्त्याला लागलीच न्हाई, म्हनून केसं तशीच." मग माझ्याकडे बघून, "मघाशी तुमास्नी वाचायला शिकवलं न् माझ्याच टायरावर परीक्षा घेतली का?"

"तुमी म्हनला म्हनून बगितलं."

"बरं झालं बगितलं. माझ्या ध्यानात आलं न्हवतं, देवाशपथ."

आलं होतं की नव्हतं, मला कळलं नाही. पण त्यानं त्याच कंपनीचा एक नवा कोरा टायर आणला, त्याच्या खरेदीच्या भावात लावला, आणि त्यावरचे चार आकडे मला आधी वाचायला लावले. जुन्या चारांचे काही पैसे वजा केले. सगळं मिळून साडेदहा हजारांच्या आत झालं. तो म्हणाला की ह्ये चाळीस हजार किलोमीटर जात्याल. मी मनात म्हटलं, एवढा रस्ता आणायचा कुठून?

ह्यांनी आणलेले टायर त्यानं एकेक करून ढिगावर फेकले. शेवटचा घरंगळत खाली आला, तो त्यानं पायानं थांबवला. घरी जाताना धबधब आवाज नव्हता. गाडी इतकी गुळगुळीत चालली की मला चुकल्यासारखं झालं.

मुलाला फोन करून सांगायचं असं रोज ठरवलं. शुक्रवारी नंबर लावून कट केला. पैसे कमी लागले, आता विकायची नको, एवढंच तर वाक्य होतं. शनिवारी त्याचाच फोन आला. "उद्या दहाला येतो, आई. तो माणूस चांगला आहे, रोख देणार आहे." मी बरं म्हणाले.

रविवारी शिरा केला. मुलाला माझ्या हातचा आवडतो. झाकण ठेवलं, दोन कप काढून ठेवले आणि गाडी पुसायला गेले, पाहुण्याला धुळीची दिसू नये म्हणून. पुसता पुसता मला समोर दिसलं, तो माणूस येईल, टायरला पायानं ठोकून बघेल, केस बघेल आणि म्हणेल, टायर तर नवे आहेत. मुलगा खूश होईल. टायरांमुळे चार पैसे जास्तच येतील. म्हणजे मी एवढं केलं ते ह्यासाठी झालं. मुलासमोर उभं राहून नको म्हणणं मला जमणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. फडकं दोरीवर टाकलं. घराची किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर नेहमीच्या जागी ठेवली. नऊ वाजत होते.

रिह्याच्या खोऱ्यात आता फार्महाऊस झालीत, मोठमोठी फाटकं. पण आतल्या अंगाला भाताची खाचरं अजून आहेत. कापणी झाली होती, पेंढ्याच्या गंजी उभ्या होत्या. ह्यांनी मला गाडी वळवायला शिकवलं त्या जागी मी गाडी वळवली, एका दमात, आणि बाजूला घेऊन थांबले. बरोबर काही खायला घेतलं नव्हतं. काच खाली केली.

सव्वादहाला फोन आला.

"आई, गाडी कुठाय?"

"माझ्याकडं."

"आणि तू कुठं आहेस?"

"रिह्यात."

"रिह्यात? कुणाकडं गेलीस?"

"कुनाकडंच न्हाई."

मागून त्या माणसाचा आवाज आला, काय म्हणतात? मुलगा त्याला म्हणाला, "थांबा हो जरा." मग मला, "टायर फुटला म्हणजे? त्या टायरांवर गेलीस?"

"बदललं. साडेधा हजारात झालं."

"कुणी बदलून दिले?"

"मीच गेल्ते."

मला वाटलं आता ओरडेल. त्याचे वडील कधी ओरडायचे नाहीत, तो ओरडतो. पण तो म्हणाला, "आई, मग तसं सांगायचं ना." आणि थोड्या वेळानं, "सावकाश ये."

मी लगेच निघाले नाही. तो माणूस जायला हवा होता. खाचरांवर बगळे उतरले होते ते मी बघत बसले, बारा वाजेपर्यंत.

घरी आले तर अंगणात कुणी नव्हतं. अकोल्याची मुलगी वरून कपडे वाळत घालत होती. कठड्यावरून वाकून म्हणाली, "काकू, दादा आत्ताच गेले. त्यांच्यासोबतचे ते लवकर निघून गेले होते. दादा एकटेच बसले होते पायरीवर. दीड तास तरी असतील."

गणपतीनंतर तो पहिल्यांदा आला होता, आणि मी बगळे बघत बसले होते.

आत गेले. शिऱ्याचं पातेलं घासून ओट्यावर पालथं घातलं होतं. एक कप वापरलेला, तोही धुतलेला. दुसरा मी ठेवला तसाच होता.

गाडी शेडमध्ये आहे. शनिवारी मी ती चार हात पुढे-मागे करते, आणि चाक फिरलं की नाही ते कळावं म्हणून टायरवर खडूनं खूण केलीय. देवळातून उरलेलं तेल येतं ते आता माझ्या टाचांना लावते. महिन्यातून दोनदा रिह्याला जाऊन येते, कुणाकडेच नाही. वाघोलीला जावं असं एकदा मनात आलं, पण पुण्यातली ती गर्दी मला झेपायची नाही. अजून तरी नाही.

मुलाचा फोन पूर्वीसारखाच येतो, आठवड्याला एक. आधी तो काय करतेस असं विचारायचा. आता फोन उचलला की पहिलं विचारतो, "आई, घरी आहेस का?"